रक्ताची राखण

घरातील एखादा तरुण वर्षानुवर्षे स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला असतो. दोन निरनिराळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेशा मुदतीपर्यंत देऊनही त्याच्या कानांतील आवाज थांबत नाहीत. भगत, देवस्थाने आणि एकामागून एक बदललेले डॉक्टर यांच्यापायी घर पैशाने आणि मनाने खचत आलेले असते. अशा वेळी धुळ्याचे किंवा जळगावचे मनोविकारतज्ज्ञ क्लोझापिन या औषधाचे नाव काढतात आणि त्याच बोलण्यात दर आठवड्याला रक्त तपासावे लागेल अशी ताकीदही देतात, तेव्हा त्या घरात आशा आणि भीती यांचा प्रवेश एकदमच होतो. पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे मनोविकारावर उपचार चालू आहेत हेच शेजारपाजाऱ्यांपासून लपविण्याची वहिवाट अद्याप मोडलेली नाही, तेथे ही भीती चारचौघांत बोलून दाखविण्याची सोयही पुष्कळांना नसते. परिणामी काही घरे औषध सुरूच करीत नाहीत, आणि काही घरे ते सुरू करून, रोग्याचा डोळा लागू लागला, तो दोन घास नीट जेवू लागला, की रक्ताची तपासणी सोडून देतात. पहिल्या प्रकारात सुधारू शकणारे एक आयुष्य वाया जाते. दुसऱ्या प्रकारात ते आयुष्यच पणाला लागते. हे औषध घ्यावयाचे तर गोळी आणि रक्ताचा अहवाल ही एकाच उपचाराची दोन अंगे आहेत असे मानूनच घ्यावे, हे मला या लेखात कळकळीने सांगावयाचे आहे.

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ज्यांना न्यूट्रोफिल म्हणतात, त्या शरीरात शिरणाऱ्या जंतूंवर सर्वांत आधी तुटून पडणाऱ्या होत. त्या हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होतात, आणि रक्तात उतरल्यावर त्यांचे आयुष्य फार थोडे, जवळजवळ एखाद्या दिवसाचेच असते. पूर्वी गावोगाव रात्रीच्या गस्तीला जागल्या असे आणि तो अंथरुणाला खिळला तर त्याच रात्री बदली माणूस उभा करावा लागे; त्याप्रमाणे या पेशींचा पहाराही रोज नव्याने बसवावा लागतो, आणि मज्जेतील निर्मिती थांबली की रक्तातील साठा थोड्याच दिवसांत आटतो. क्लोझापिन घेणाऱ्या काही थोड्या व्यक्तींमध्ये ही निर्मिती एकाएकी बंद पडते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला अॅग्रॅन्युलोसायटोसिस असे नाव आहे. मग तोंडातील, घशातील आणि आतड्यातील जे जंतू एरवी मुकाट्याने नांदत असतात तेच रक्तात पसरून प्राणघातक ठरू शकतात. यातील सर्वांत घातक भाग असा की, पेशी घटत असताना रोग्याला काहीच जाणवत नाही. अंग दुखत नाही, भूक जात नाही, आणि पहिला ताप येईपर्यंत पुष्कळदा साठा संपलेला असतो. ती घट आधी पाहण्याचा रक्ततपासणीवाचून दुसरा उपाय नाही.

हे ज्ञान प्राणांचे मोल देऊन मिळालेले आहे. मनोविकारांवरील आधुनिक औषधांचे युग १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीनचा उपयोग केला तेव्हापासून मानले जाते, आणि त्या औषधानेही क्वचित एखाद्या रोग्याच्या पांढऱ्या पेशी नाहीशा होत. क्लोझापिन त्याच दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले, पुढे युरोपात वापरात आले, आणि १९७५ मध्ये फिनलंडमधून वार्ता आली की, या औषधाने पांढऱ्या पेशी नष्ट होऊन आठ रोगी दगावले. अनेक देशांतून ते मागे घेतले गेले. ते कायमचे विस्मृतीत गेले असते, परंतु इतर कोणत्याही औषधाने न सुधारलेले रोगी त्याने सुधारतात हा डॉक्टरांचा अनुभव पुसला जात नव्हता. १९८८ मध्ये जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशा हट्टी आजाराच्या २६८ रोग्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांत क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के सुधारले, तर क्लोरप्रोमाझीन घेणाऱ्यांपैकी अवघे ४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्याला अनुज्ञा दिली, ती नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. २००२ मध्ये आत्मघाताचा धोका कमी करण्यासाठीही त्याच औषधाला तेथे मान्यता मिळाली. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेने या औषधासाठी ठेवलेली सक्तीची नोंदणीव्यवस्था काढून टाकली. परंतु रक्त तपासण्याची शिफारस काढलेली नाही, आणि कोणी आपणांस "आता तिकडेही तपासणी बंद झाली" असे सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

धोका किती, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, आणि तिला सरळ उत्तर मिळाले पाहिजे. औषध घेणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे एकाला, किंबहुना त्याहून किंचित कमी जणांना, ही गंभीर घट होते; ती वेळीच सापडली आणि औषध थांबविले तर बहुतेक जण बरे होतात. यांतील बहुसंख्य प्रकार पहिल्या १८ आठवड्यांत घडतात. त्यानंतर धोका पुष्कळ उतरतो आणि वर्षानंतर फारच थोडा राहतो. औषधाच्या मात्रेशी या धोक्याचा हिशेबी संबंध नाही, हेही लक्षात ठेवावे. अर्धी गोळी दिली म्हणून धोका अर्धा होत नाही, आणि मात्रा लहान आहे म्हणून तपासणी टाळता येत नाही.

आपल्याकडे साधारण रिवाज असा की, औषध सुरू करण्यापूर्वी एकदा, मग पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, आणि पुढे औषध चालू असेतो निदान दरमहा रक्त तपासावे. काही डॉक्टर वर्ष पुरे होईपर्यंत पंधरवड्याची तपासणी ठेवतात. आपल्या डॉक्टरांनी जी मुदत सांगितली असेल तीच प्रमाण मानावी. पारोळ्याहून धुळे सुमारे ३५ किलोमीटर असले तरी एवढ्या तपासणीसाठी दर आठवड्याला महामार्गावरून बसने जाण्याचे कारण नाही. ही तपासणी म्हणजे रक्ताची साधी गणना, जिला लॅबमध्ये सीबीसी म्हणतात; ती तालुक्याच्या गावी होते, तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही, आणि अहवालाचे छायाचित्र मोबाइलवरून डॉक्टरांना त्याच दिवशी पाठविता येते. माझी सूचना अशी की, आठवड्याचा बाजार ज्या वारी भरतो तोच वार रक्तासाठी कायम करावा, म्हणजे खेड्यावरून येणाऱ्यांची वेगळी खेप वाचते. शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्यावे, कारण दोन ठिकाणच्या यंत्रांच्या आकड्यांची तुलना करताना घोटाळा होतो. कापूस वेचणीची घाई असो, लग्नसराई असो, की बालाजी महाराजांच्या ब्रह्मोत्सवातील रथाचा दिवस असो, तपासणीची तारीख एखाद्या दिवसाने पुढेमागे चालेल. ती बुडविणे चालणार नाही. गोळ्यांच्या बाबतीतही अशीच दक्षता हवी: दोन दिवसांहून, म्हणजे ४८ तासांहून अधिक खंड पडला तर जुनी मात्रा एकदम देऊ नये. रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमसारख्या अल्प मात्रेपासून आरंभ करतात.

अहवाल हाती आला की त्यातील दोन आकडे घरच्या माणसाने स्वतः पाहावयास शिकावे. एक, पांढऱ्या पेशींची एकूण संख्या, जी निरोगी प्रौढात एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० असते; आणि दुसरा, त्यांतील न्यूट्रोफिलचे शेकडा प्रमाण. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने गुणून शंभराने भागले की न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या मिळते. एकूण पेशी ५,२०० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के असतील तर ती ३,१२० होते, आणि काळजीचे कारण नाही. परंतु एकूण ३,६०० आणि न्यूट्रोफिल ३५ टक्के असतील तर ती १,२६० भरते. येथे एकूण आकडा थोडासाच उतरलेला दिसतो, आणि वरवर पाहणारा "थोडे कमी आहे, चालेल" असे म्हणून अहवाल खिशात घालतो. तसे होऊ नये. ही संख्या १,५०० च्या खाली आली तर पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. १,००० च्या खाली ती गंभीर बाब आहे. आणि ५०० च्या खाली रोग्याला ताप असो वा नसो, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. संख्या १,५०० च्या वर असली तरी गेल्या तीन आठवड्यांत ती सारखी उतरत आली असेल तर तेही डॉक्टरांच्या निदर्शनास आणावे. यासाठी शाळेची एखादी साधी वही करून तीत तारीख, एकूण पेशी, न्यूट्रोफिलचे प्रमाण, गुणाकाराने आलेली संख्या आणि गोळीची मात्रा ओळीने लिहीत जावे, आणि ती वही रोग्याबरोबर सदैव असावी.

आता तापाविषयी, आणि येथे मी वाचकांना थोडे थांबून वाचण्याची विनंती करतो, कारण आपल्या भागातील बहुतेक चुका याच ठिकाणी होण्याचा संभव आहे. आषाढापासून कार्तिकापर्यंत खानदेशात घरोघरी ताप असतो. मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड यांची नावे सर्वांच्या तोंडी आहेत, आणि "व्हायरल आहे, तीन दिवसांत उतरेल" हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की, जवळच्या दवाखान्यात एक सुई टोचून घेऊन आणि पॅरासिटामॉलची पट्टी खिशात घालून माणूस घरी येतो. क्लोझापिन घेणाऱ्या माणसाला ही वाट वर्ज्य आहे. त्याला ताप आला, हुडहुडी भरली, घसा धरला, तोंड येऊन अन्न गिळवेना झाले, हिरड्या सुजल्या किंवा अंगावर गळू उठले, तर त्याच दिवशी, आठवड्याची तपासणी कालच झालेली असली तरीही, सीबीसी करावी आणि अहवाल येईपर्यंत अन्य काही ठरवू नये. डेंग्यूमध्ये पांढऱ्या पेशी स्वतःच कमी होतात. त्यामुळे पेशी कमी दिसल्या आणि डेंग्यूची साथ चालू असली, तर त्या डेंग्यूने घटल्या की औषधाने, हे आपण घरी ठरवावयाचे नाही. दोन्ही शक्यता डॉक्टरांपुढे मांडाव्या. औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत केवळ औषधाच्या परिणामानेही सौम्य ताप येतो हे खरे. परंतु त्याच काळात हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याचा दुर्मिळ धोकाही असतो, म्हणून तापाबरोबर धडधड, धाप किंवा छातीत दुखणे असेल तर हयगय करू नये.

रात्रीची वेळ असेल आणि नेहमीचे डॉक्टर फोन घेत नसतील, तर काय करावे? पारोळ्याचे कुटीर रुग्णालय जवळ आहे; तेथून पुढे पाठविण्याची वेळ आली तर जळगाव आपला जिल्हा आहे म्हणून दूरच्या जळगावचा आग्रह धरू नये. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पारोळ्याला अधिक जवळ पडते, आणि आणीबाणीत जिल्ह्याची हद्द पाहिली जात नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. रुग्णालयाच्या अपघात विभागात उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरांना रोग्याचा मानसिक इतिहास सांगण्यात पहिली दहा मिनिटे घालवू नयेत, वही पुढे करून प्रथम एवढेच सांगावे, "हा क्लोझापिन घेतो, त्याला ताप आहे, त्याच्या पांढऱ्या पेशी आत्ता मोजा." मनोविकाराचे नाव काढताच रोग्याचा ताप दुय्यम ठरतो, असा अनुभव पुष्कळ कुटुंबांना येतो, आणि तो अन्याय टाळण्याचा हाच मार्ग मला दिसतो. पेशी खरोखरच नाहीशा झाल्या असतील तर औषध तत्काळ थांबवून प्रतिजैविके आणि मज्जेला चेतना देणारी इंजेक्शने देतात; बहुधा दोन-तीन आठवड्यांत पेशी पूर्वपदावर येतात.

दुसऱ्या औषधांविषयीची दक्षता ही मेडिकलच्या दुकानापासून सुरू होते. अॅनाल्जिन हे तापावरील आणि वेदनेवरील जुने औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, को-ट्रायमॉक्साझोल आणि फिट्सवर किंवा मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी देतात ते कार्बामाझेपिन, ही स्वतःच पांढऱ्या पेशींवर घाला घालू शकतात, म्हणून क्लोझापिनच्या जोडीला त्यांना स्थान नाही. जुलाब-लघवीच्या तक्रारींवर सर्रास दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सासिन पेशींना नव्हे, तर रक्तातील क्लोझापिनच्या पातळीला हात घालते. ती फार वाढून रोगी गुंगून पडू शकतो. विडीचे गणित याच्या उलट आहे. विडीच्या किंवा सिगारेटच्या धुराने यकृत हे औषध लवकर निकालात काढते, म्हणून विडी ओढणाऱ्याला मात्रा अधिक लागते. मग श्रावणाचा नेम म्हणून किंवा रुग्णालयात दाखल झाला म्हणून त्याने ती एकाएकी सोडली, तर तीच मात्रा त्याला फार होते. विडी सोडणे उत्तमच, परंतु ती सोडण्याआधी डॉक्टरांना सांगून मात्रा ठरवून घ्यावी. तंबाखू चघळण्याने अशी उलथापालथ होत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे. तंबाखूचे इतर घात अर्थात तसेच राहतात.

रक्ताशी संबंध असलेल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन या स्किझोफ्रेनियावरील इतर औषधांनी पांढऱ्या पेशी घटणे क्वचितच घडते, म्हणून त्यांना आठवड्याची तपासणी लागत नाही. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांनी मात्र वजन, रक्तातील साखर आणि चरबी वाढते. सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी त्यांची तपासणी व्हावी. जोडीला मनःस्थिती स्थिर ठेवणारे व्हॅल्प्रोएट चालू असेल तर प्लेटलेट कमी होऊ शकतात, तेव्हा कारण नसता अंगावर काळेनिळे डाग उठणे किंवा हिरड्यांतून रक्त येणे याकडे लक्ष असावे. स्किझोफ्रेनियावरील औषधांनी नसांत रक्ताची गुठळी होण्याचा संभवही थोडा वाढतो, म्हणून एका पोटरीला सूज व कळ आली तर ती चालून-चालून जाईल अशी वाट पाहू नये. सातपुड्याच्या बाजूच्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो. तसा इतिहास असेल तर तो आधीच सांगावा, म्हणजे हिमोग्लोबिनची जुनी उणीव नव्या औषधाच्या माथी मारली जाणार नाही. आणि रक्ताशी संबंध नसलेली एकच गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही: क्लोझापिनने होणारा मलावरोध क्षुल्लक समजू नये. तो आतडी निकामी करण्याइतका वाढू शकतो, आणि त्याने दगावणाऱ्यांची संख्या पेशींच्या घटीने दगावणाऱ्यांपेक्षा कमी नाही. शौचाला किती दिवसांनी झाली, याचा एक रकाना त्याच वहीत असावा.

खर्चाची विवंचना खोटी नाही. मजुरी रक्ततपासणीत जाते असे म्हणणारे बाप खोटे बोलत नाहीत. म्हणून हे माहीत असावे की, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ प्रमाणे अत्यावश्यक औषधांच्या सूचीतील मनोविकारावरील औषधे शासनाच्या सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व संस्थांत विनामूल्य मिळण्याचा हक्क रोग्याला आहे, आणि क्लोझापिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्यांसह उपचार निःशुल्क झालेले आहेत. औषध नाही असे खिडकीवर सांगितले गेले तर ते लेखी मागावे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज द्यावा. हक्काची वस्तू मागताना संकोच धरू नये. सल्ल्यासाठी केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. पुण्यात कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रोग्यांच्या नातेवाइकांना एकत्र आणते, आणि ज्या घराने हा आजार आजवर कोणाजवळ बोलून दाखविलेला नाही, त्या घराला अशा मंडळींची गाठ पडणे हाही उपचारच आहे.

क्वचित कोणाला पेशींच्या घटीमुळे हे औषध बंद करावे लागते. बंद केल्यावरही निदान चार आठवडे रक्ताची तपासणी चालू ठेवावी लागते. घट गंभीर झाली असेल तर क्लोझापिन पुन्हा सुरू करीत नाहीत. इतर औषधे आणि आवश्यक तेथे विद्युत उपचार यांचा विचार डॉक्टर करतात. अशा रोग्याच्या वहीच्या पहिल्या पानावर, आधार कार्डाच्या पाठीमागे चिकटविलेल्या कागदावर आणि घरातील दोन माणसांच्या मोबाइलमध्ये, "या व्यक्तीला क्लोझापिनने अॅग्रॅन्युलोसायटोसिस झाला होता, हे औषध पुन्हा देऊ नये" असे तारखेसह लिहून ठेवावे. आज त्याची काळजी घेणारे आई-वडील उद्या नसतील, तो सुरतेला किंवा पुण्याला भावाकडे राहावयास जाईल, आणि तेथल्या नव्या डॉक्टरांना हे सांगणारे त्या कागदावाचून दुसरे कोणी असणार नाही.